सहा व्होल्टची बॅटरी

माझ्या बायकोच्या हातातून पान्हा पडला, तेव्हा मी पडवीत पेपर वाचत बसलो होतो. शेडमधून आवाज आला म्हणून मान वर केली. ती गाडीच्या उघड्या बॉनेटसमोर उभी होती आणि स्वतःच्या उजव्या हाताकडे बघत होती.

"काय झालं गं?"

"काय न्हाई. निसटला."

वाकून तिनं पान्हा उचलला. उचलताना दोनदा बोटं घसरली. ते मी पाहिलं, पण त्यात बघण्यासारखं काही असेल असं मला वाटलं नाही. मी पुन्हा पेपरात डोकं घातलं.

आमचं घर वडूजला, माझी सगळी नोकरी तिथल्याच हायस्कुलात भूगोल शिकवण्यात गेली. ती सरकारी दवाखान्यात परिचारिका होती. अख्ख्या तालुक्यात कुणाची शीर सापडत नसली की तिला हाक मारायचे. लहान लेकरू असो की वाळून काटकी झालेला म्हातारा, ती दंडावर बोट फिरवायची, क्षणभर थांबायची आणि सुई बरोबर जिथं जायची तिथं जायची. दोघंही निवृत्त झालो, मुलगी लग्न होऊन पुण्याला गेली आणि घरात आम्ही दोघं आणि ती गाडी उरलो.

गाडी तिच्या वडिलांची. अण्णा लष्करात गाड्यांच्या वर्कशॉपला होते. पेन्शनीत कुंडलला परत आले, ऊस लावला, आणि माधवनगरच्या एका गिरणीवाल्यांनी मोडीत काढायला ठेवलेली ही विलायती गाडी घरी घेऊन आले. काळी, गोल डोळ्यांची, दारं उलट्या बाजूनं उघडणारी. गाव हसलं म्हणे. अण्णांनी ती उसाच्या पट्ट्याकडेला छपरात घेतली आणि सुटी करून परत जोडली. मुलाला त्यात गोडी नव्हती. मुलगी मात्र शाळेतून आली की दप्तर टाकून छपरात जायची. आमचं लग्न ठरलं तेव्हा सासऱ्यांनी मला बाजूला घेऊन एवढंच विचारलं होतं, "पोरीनं गाडीखाली झोपल्यालं तुमास्नी चालंल का?" मी हो म्हणालो. मला वाटलं, ते गंमत करतायत.

अण्णा गेल्यावर माझ्या मेहुण्यानं गाडी वडूजला आणून सोडली. "आक्का, तूच बघ हिच्याकडं. आमच्यानं न्हाई व्हायचं," असं म्हणून तो एसटीनं परत गेला.

तेव्हापासून आमचा रविवार ठरलेला. सकाळी चहा झाला की ती जुनं लुगडं नेसून शेडमध्ये जायची. पहिल्यांदा बॅटरी. आताच्या गाड्यांची बॅटरी बारा व्होल्टची असते, हिची सहाची. तीनच घरं, त्यांवर तीन बुचं. ती बुचं काढून आत टॉर्च मारायची, प्लेटा बुडलेल्या आहेत का बघायची, आणि कमी असेल तिथं दवाखान्यातल्या मोठ्या सिरिंजनं डिस्टिल्ड वॉटर सोडायची. मग काचेच्या नळीनं प्रत्येक घरातलं पाणी ओढून आतला तरंगता काटा किती वर उभा राहतो ते बघायची. त्याला ती ग्रॅव्हिटी बघणं म्हणायची. टर्मिनलवर गंजाचं पांढरं-हिरवं फूल धरलं असेल तर बुचं घट्ट लावून खायचा सोडा घातलेल्या गरम पाण्यानं धुवायची, कोरडं करायची, केबल आवळायची आणि वरून व्हॅसलिन लावायची. हे सगळं रुग्णाची जखम बांधावी तसं, न बोलता. मी मधे काही विचारलं तर, "तुमी तिकडंच ऱ्हावा, ॲसिड हाय," म्हणायची. मला घरातला बल्ब बदलता येत नव्हता. त्यामुळं मीही तिकडंच राहायचो.

पान्हा पडल्यानंतर काही महिन्यांत तिला पोळपाटावर लाटणं जड जायला लागलं. मग कुलपात किल्ली फिरेना. अंगठ्याच्या बुडाशी जो मांसल उंचवटा असतो तो उजव्या हाताचा बसत चालला होता. तिनंच मला दाखवला. मी म्हणालो, मानेची नस दबली असेल, माझ्या एका सहकाऱ्याला असंच झालं होतं. आता कळतं, तिला तेव्हाच संशय आला होता. वॉर्डात तिनं हा आजार पाहिलेला होता.

सांगलीच्या डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या आणि आम्हाला समोर बसवून सांगितलं. स्नायूंना हुकूम देणाऱ्या नसा मरत जातात. हात, मग पाय, मग बोलणं, मग गिळणं, मग श्वास. डोकं शेवटपर्यंत साफ राहतं. औषध आहे, पण बरं करणारं नाही. मी खूप प्रश्न विचारले. तिनं एकच विचारला, "वाचा किती दिवस ऱ्हाईल?" डॉक्टर म्हणाले, सांगता येत नाही, वापरून घ्या.

परत येताना आमची रोजची छोटी गाडी मीच चालवत होतो. तासगाव गेलं, विटा गेलं. मायणीच्या अलीकडं तिनं खिडकीची काच खाली केली आणि म्हणाली, "आवं, रडायचं आसंल तर कडंला घ्या. चालवता चालवता नगा."

मी कडेला घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं अण्णांची गाडी बाहेर काढली. गिअर टाकायच्या आधी ती डाव्या हातानं उजवा हात उचलून स्टिअरिंगवर ठेवत होती. मायणीच्या रस्त्यावर थोडं जाऊन आम्ही परत आलो. शेडमध्ये लावून तिनं किल्ली काढली, म्हणजे काढायला लागली आणि निघेना, तेव्हा हात मांडीवर ठेवून तशीच बसून राहिली. मी पलीकडून वाकून किल्ली काढली. त्यानंतर तिनं ती गाडी चालवली नाही. मला ती गाडी येत नव्हती. तिचे गिअर आताच्या गाड्यांसारखे पडत नाहीत, आणि तिनं शिकवायचं म्हटलं तेव्हा मीच टाळत आलो होतो.

त्याच उन्हाळ्यात बॅटरी गेली. जुनी झालेलीच होती, आणि वडूजच्या उन्हानं पाणी भराभरा आटत होतं. सेल्फ दाबला की नुसता टक् आवाज. चार्जिंगला लावली तर मधल्या घराची ग्रॅव्हिटी वर येईना. ती म्हणाली, मधलं घर मेलं, आता नवी बघायला लागंल.

गावातला गॅरेजवाला आला. माझाच जुना विद्यार्थी, आता त्याच्या हाताखाली चार माणसं.

"सर, सोपं हाय," तो म्हणाला. "बारा व्होल्ट टाकून देतो. सेल्फ जोरात मारंल, लाइट फकफकीत पडतील. बॅटरी कुठल्या बी दुकानात गावंल. कशाला त्या सहाच्या नादाला लागताय?"

मला ते पटलं. तिच्याकडं बघितलं. ती खुर्चीत बसली होती, दोन्ही हात मांडीवर. बोलणं तेव्हा चांगलं होतं, फक्त शब्द थोडे जाड व्हायला लागले होते.

"बाळा, बारा टाकलं की बल्ब बदलायला लागतील," ती म्हणाली. "कॉइल बदलायला लागंल. डायनॅमो सहाचा, त्यो बी जाणार. हॉर्न जाणार. मीटरचा काटा जाणार. मग अण्णांची गाडी म्हणून काय ऱ्हाईल? पत्राच न्हवं?"

"ताई, चालंल तर खरी."

"ती सहावर बी चालतीय. जलमभर चालली."

तो गेल्यावर मी तिला म्हणालो, "तुला आता ती चालवायची नाहीये. मग सहा काय आणि बारा काय?" इतकं सरळ बोलायला नको होतं, पण तेव्हा आम्ही दोघंही थकलेले असायचो. ती रागावली नाही.

"मला चालवायची न्हाई म्हणून तर," ती म्हणाली. "जशी हातात आली तशी हातातनं जाऊ दे."

मग तिनं मला बॅटरी निवडायला शिकवलं. मोटारसायकलची सहा व्होल्टची मिळते, ती घेऊ नका, इंजिन फिरवायला तिच्यात दम नसतो. गाडीत बॅटरी बसते त्या तळीचं माप घ्या, लांबी, रुंदी आणि उंचीसुद्धा, नाहीतर बॉनेट बंद करताना टर्मिनल वर टेकून ठिणगी उडेल. टर्मिनल कुठल्या बाजूला आहे ते बघा, केबल आखूड आहे. फार दिवस दुकानात पडून राहिलेली नको. शक्यतो कोरडी घ्या आणि ॲसिड आपल्यासमोर भरून घ्या. पहिलं चार्जिंग सावकाश आणि पूर्ण, घाईनं केलं तर पुढं कायमची अर्धवट राहते. मी मापं घेतली. तिनं मला ती तीनदा घ्यायला लावली.

शोधत शोधत आम्ही माधवनगरला एका दुकानापर्यंत पोचलो. दुकान म्हणजे एक लांबोडी खोली, ॲसिडच्या वासानं भरलेली, आणि दारात रांगेनं मांडलेल्या ट्रॅक्टरच्या बॅटऱ्या. मालक साठीपुढचा, रबरी एप्रन घातलेला. ती गाडीतच बसून होती, कारण पायऱ्या चढणं आता जमत नव्हतं. मी सहा व्होल्ट म्हणाल्यावर त्यानं चष्मा वर केला.

"गाडी कुठली?"

मी सांगितलं, गाडी पूर्वी इथल्याच गिरणीवाल्यांची, नंतर कुंडलला गेली.

"कुंडलच्या अण्णांची? मिलिट्रीवाले?" तो म्हणाला. "मग बाहेर बसल्यात त्या कोण?"

"त्यांची मुलगी. माझी बायको."

तो एप्रन सोडून बाहेर गेला. खिडकीपाशी वाकून म्हणाला, "ताई, वळीकलं का? तुमी दोन वेण्या घालून यायचा वडलांसंगं. मी तवा माज्या बाच्या हाताखाली प्लेटा घासायचो."

ती हसली. "तुमी लय बारीक व्हता."

"आता बगा की," तो पोटावर हात ठेवून म्हणाला.

मग त्यानं एक-एक वस्तू खिडकीशी आणून तिला दाखवली. जुन्या पद्धतीचा काळा डबा, तीन घरं, प्लेटा मोजून. तयार कंपनीची एक होती, पण उंचीला जास्त. ती म्हणाली, नको. मग तो म्हणाला, डबा आहे, प्लेटा आहेत, मी बांधून देतो, आठवड्यानं या. आठवड्यानं आम्ही परत गेलो. त्यानं ॲसिड तिच्यासमोर भरलं, आणि भरताना दर घराला तिच्याकडं बघत होता. ती मानेनं हो म्हणाली की पुढच्या घराला जायचा. तो दिवस तिला फार आवडला. घरी येताना विट्याला आम्ही थांबलो, मी तिला उसाचा रस पाजला. ग्लास मी धरला होता.

मग मी तिचे हात झालो. रविवारी मी तिची खुर्ची शेडमध्ये नेऊन ठेवायचो आणि ती सांगेल तसं करायचो. सुरुवातीला मी टॉर्च तोंडात धरायचो आणि लाळ बॅटरीवर गळायची. "तेवढं डिस्टिल्ड न्हाई बरं का," ती म्हणायची. पाणी घालताना मी भसकन ओतलं आणि बुचांवरून बाहेर आलं, तर म्हणाली, "सर, पोरांना असंच शिकवलासा का? भरभरून?" ॲसिड कधीही वरून घालायचं नाही, आटतं ते पाणी, ॲसिड आटत नाही. चार्जिंगच्या वेळी दार उघडं ठेवायचं, जवळ काडी ओढायची नाही. नुसतं इंजिन चालू करून दोन मिनिटांत बंद करायचं नाही. हळू चालताना जुना डायनॅमो काही देतच नाही, आणि सुरू करताना जे खर्च झालं ते तसंच गेलं. तेव्हा हातथ्रॉटल ओढून इंजिनाचा वेग वाढवून ठेवायचा, मीटरचा काटा उजवीकडं, म्हणजे चार्जिंगकडं, झुकलेला दिसला पाहिजे, आणि तसं बराच वेळ चालू द्यायचं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे या गाडीचं अर्थिंग उलटं. आताच्या गाड्यांना बॅटरीची वजा बाजू बॉडीला जोडतात, हिला अधिक. "हे इसरू नगा," तिनं मला इतक्या वेळा सांगितलं, की मी चिडून म्हणालो, "अगं, किती वेळा सांगशील?"

"जंवर सांगता येतंय तंवर."

एकदा माझ्या पांढऱ्या लेंग्याला मागून ॲसिड लागलं. मला कळलंच नाही. लेंगा धुवून दोरीवर टाकला आणि वाळल्यावर बघतो तर मागच्या बाजूला ऐन बैठकीवर हात जाईल एवढं भोक. मी तो तसाच तिच्यासमोर धरला. ती हसायला लागली. हसताना तिला दम लागला, तरी हसत राहिली, डोळ्यांतून पाणी यायला लागलं, मी घाबरून पाठ चोळत होतो आणि ती मानेनं सांगत होती की थांबू नका, दाखवा परत. तिचं तसं मोकळं हसणं त्यानंतर मी ऐकलं नाही.

पावसाळा संपता संपता शब्द गेले. आधी शेवटची अक्षरं गळाली, मग मधली. मला बरंच कळायचं, मुलीला फोनवर कमी कळायचं, बाहेरच्याला काहीच नाही. त्या दिवसांत सेल्फ अडकला म्हणून गॅरेजवाला तो काढून दुरुस्त करून घेऊन आला. त्यासाठी बॅटरी खाली काढलेली होती. मी तिला खुर्चीतून शेडच्या दारात आणलं होतं. त्यानं सेल्फ बसवला, बॅटरी तळीत ठेवली आणि माझ्याशी बोलत बोलत, रोजच्या सवयीनं, वजा बाजूची केबल बॉडीकडं ओढली.

तिनं आवाज केला. घशातून, मोठ्यानं.

"ताईंना पाणी पायजे जणू," तो म्हणाला.

मी पाणी आणलं. तिनं तोंड मिटून घेतलं. पुन्हा तोच आवाज केला, मान एका बाजूला टाकली, मग दुसऱ्या बाजूला. मी विचारलं, मान अवघडली का? ऊन लागतंय? बाथरूमला? ती डोळे मिटून घेत होती, म्हणजे नाही. तिचा चेहरा लाल झाला होता. गॅरेजवाला पान्हा हातात घेऊन थांबला होता, आणि मला त्याच्यासमोर तिची लाज वाटू नये म्हणून मी तिला आत न्यायला वळवलं. तेव्हा ती जोरात म्हणाली, "उउ."

उलट.

मी पळत जाऊन त्याचा हात धरला. "थांब, थांब. हिचं अर्थिंग उलटं आहे. अधिक बॉडीला."

त्यानं केबल सोडली. बॅटरीकडं बघितलं, मग तिच्याकडं. हात पुसून तो तिच्यासमोर उकिडवा बसला. "चुकलं ताई. आता जोडू का?" तिनं डोळे उघडे ठेवले. हो. त्यानं केबल नीट लावली आणि गाडी चालू केली. मीटरचा काटा उजवीकडं गेला. तो तिथंच बसून मोठ्यानं म्हणाला, "बरोबर हाय का ताई?" तिनं डोळे बराच वेळ उघडे ठेवले.

मला मात्र रात्रभर ती दोन मिनिटं दिसत राहिली. मी तिला पाणी पाजत होतो. तिच्या तोंडात एक शब्द होता आणि मी तिला पाणी पाजत होतो.

पुढं ती पलंगावरच असायची. तिचा पलंग मी शेडकडच्या खिडकीशी लावला. रविवारी मी इंजिन चालू करून खिडकीपाशी यायचो. आवाज बरोबर असेल तर ती डोळे उघडे ठेवायची. नसेल तर मिटायची, आणि मी परत जाऊन चोक आत-बाहेर करायचो, तिचा चेहरा बघून यायचो, परत जायचो. मुलगी म्हणायची, बाबा, तुम्ही दमता, ही गाडी राहू द्या आता. दिवसभर मी तिला नळीतून पातळ भरवायचो, कूस बदलायचो, छातीतला कफ मशिननं ओढायचो. त्यातलं एकही काम तिला बरं वाटावं असं नव्हतं. आठवड्यात हे रविवारचं एवढंच काम असं होतं, की ज्यात मी रुग्णाचा नवरा नव्हतो.

गाडीचं पुढं काय करायचं, हे मी तिला विचारलं नाही. ते विचारणं म्हणजे दुसरंच काहीतरी विचारणं झालं असतं. तिनंही कधी सुचवलं नाही. अक्षरांचा तक्ता होता, मी बोट फिरवायचो आणि ती डोळ्यांनी थांबवायची. त्यावर तिनं शेवटी शेवटी मला सांगितलेली गोष्ट होती, 'दाढी करा.'

ती थंडीत गेली. सकाळी, मी तिचं तोंड पुसत असताना. श्वास लांबत लांबत चालला होता, मग पुढचा आला नाही. मी ओला रुमाल हातात धरून वाट बघत राहिलो.

कुंडलहून मेहुणा आला, पुण्याहून मुलगी-जावई आले, दिवस झाले, माणसं गेली. पहिल्या रविवारी मी सवयीनं शेडमध्ये गेलो, पाणी बघितलं, गाडी चालू केली आणि खिडकीकडं निघालो. अर्ध्या वाटेत थांबलो. इंजिन मागं चालूच होतं. परत जाऊन ते बंद केलं, शेडचं दार ओढलं आणि नंतर कित्येक महिने उघडलंच नाही.

उघडलं ते मुलगी सुट्टीला आली तेव्हा. तिनंच बॉनेट वर केलं. टर्मिनलवर मूठभर फूल धरलं होतं, केबल दिसत नव्हती. बुचं काढली तर प्लेटा उघड्या पडलेल्या, वरून पांढऱ्या. तिन्ही घरं कोरडी. मी पाणी घातलं, सावकाश चार्जिंग लावलं, दोन दिवस ठेवली. काटा खालीच. मुलगी म्हणाली, "बाबा, गेली असेल." मी म्हणालो, माधवनगरला दाखवून येतो.

एकटाच गेलो. बॅटरी मागच्या सीटवर गोणपाटावर ठेवली होती. दुकानवाल्यानं मला बघितलं आणि ओळखलं. "या सर, या." माझ्या हातातली बॅटरी घेऊन त्यानं फळीवर ठेवली, तिच्याकडं बघितलंसुद्धा नाही. एप्रनला हात पुसत तो पायऱ्या उतरून सरळ गाडीकडं निघाला. "ताई बाहेरच हायत न्हवं?"

तो खिडकीपर्यंत पोचला, वाकला, आत बघितलं. मग मागं वळून माझ्याकडं बघितलं, आणि त्याला कळलं.

त्यानं कुणालातरी हाक मारून चहा सांगितला. आम्ही दोघं दारातल्या बाकावर बसलो. मी त्याला सगळं सांगितलं, पान्हा पडल्यापासून. इतकं सलग मी कुणालाच सांगितलं नव्हतं. तो मधे मधे नुसतं "व्हय" म्हणत होता. शेवटी उठून त्यानं बॅटरी तपासली. प्रत्येक घर, अगदी सावकाश. उत्तर त्याला आधीच माहीत होतं.

"सर, ही न्हाई उठायची. प्लेटा कडक झाल्यात."

"दुसरी बांधून द्याल?"

"दीन की." त्यानं बुचं परत लावली. "पण चालवणार कोण? नुसती उभी ठेवली तर ती बी जाईल. मी इकाय बसलोय, पण तुमास्नी खोटं कसं सांगू."

मी म्हणालो, विचार करून सांगतो. जुनी बॅटरी तिथंच ठेवून घ्या म्हणालो, शिसं तरी वापरता येईल. ती उचलून आत नेताना मी दुसरीकडं बघितलं.

महिनाभरानं मेहुण्याचा फोन आला. मुलीनं त्याला सांगितलं असणार.

"दाजी, गाडी कुंडलला येऊ द्या. अण्णांच्या दारात उभी ऱ्हाईल. आमच्यातली पोरं चालवतील, लगनाकार्याला बाहेर काढतील. तुमी एकलं किती बघणार?" मग चाचरत म्हणाला, "फकस्त पोरं म्हंत्यात, बारा व्होल्ट टाकून घ्यावं लागंल. सहाची कुठं कुठं हुडकत बसायची. तुमचं काय म्हननं?"

मी फोन कानाला धरून पडवीत उभा होतो. तिनं काय सांगितलं होतं ते मला शब्दन् शब्द आठवत होतं. कॉइल जाईल, डायनॅमो जाईल, हॉर्न जाईल. ते त्याला सांगून मी अडवू शकलो असतो. आणि मग ती गाडी माझ्या शेडमध्ये, चाकं बसलेली, उंदरांनी गाद्या कुरतडलेली, उभी राहिली असती.

"घ्या टाकून," मी म्हणालो.

फोन ठेवल्यावर मी तिच्या फोटोसमोर गेलो नाही. त्या दिवशी स्वयंपाकही केला नाही.

ट्रक आला तेव्हा मेहुण्याबरोबर चार माणसं होती, गॅरेजवालाही आपण होऊन आला. ट्रकच्या मागं उताराला फळ्या लावल्या. बॅटरी नाही म्हणजे इंजिन नाही, ढकलूनच चढवायची होती. कुणीतरी स्टिअरिंग धरायला हवं होतं. सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. मी म्हणालो, मला येत नाही. गॅरेजवाला म्हणाला, "सर, नुसतं सरळ धरायचंय. ब्रेकवर पाय ठेवा, मी सांगतो तवा सोडा."

मी आत बसलो. रविवारीसुद्धा मी दारातून आत वाकूनच गाडी चालू करायचो, इतक्या वर्षांत त्या सीटवर कधी बसलो नव्हतो. सीट पुढं ओढलेली होती, तिच्या उंचीला, माझे गुडघे डॅशबोर्डला टेकले. मागं कशी सरकवायची ते माहीत नव्हतं आणि कुणाला विचारावंसंही वाटलं नाही. माणसं मागं गेली. "लावा रं जोर!" मेहुणा ओरडला. गाडी हलली, शेडच्या बाहेर आली, फळ्यांपाशी पोचली आणि थांबली. पुन्हा जोर लावला, हलेना.

"फळी आडवी आली काय बगा!"

"फळी बराबर हाय."

"मग अडकलं कुठं?"

गॅरेजवाला खिडकीशी आला, आत वाकून खाली बघितलं. मग हळूच, बाकीच्यांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाला, "सर, ब्रेक सोडा."

माझा पाय पूर्ण दाबलेला होता. मला तो उचलता येईना. स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरलेलं होतं, आणि काचेतून समोर ट्रकच्या आतला अंधार दिसत होता. त्यानं आत हात घालून माझ्या गुडघ्यावर ठेवला. मागं माणसं थांबून होती, एकजण खाकरला.

मग मी पाय काढला. गाडी वर चढली.

दोर बांधून झाले. मेहुणा पाया पडला, "दाजी, चला की तुमी बी चार दिस," म्हणाला. मी म्हणालो, नंतर येतो. ट्रक मायणीच्या रस्त्याला लागला. मी आत येऊन आंघोळ केली, मुलीला फोन करून गाडी गेल्याचं सांगितलं. ती रडायला लागली, म्हणून मी तिला म्हणालो की सगळं नीट झालं, कुठं ओरखडासुद्धा आला नाही.